घड्याळ ‘नवं’ करून विकू नका

संपादक महाशय,

सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबरात तुम्ही पहिल्या पानावर तळाला एक चौकट छापली होती. जिनिव्हाच्या लिलावात पाटेक फिलिप या स्विस कंपनीचं १५१८ नंबरच्या मॉडेलचं स्टीलचं मनगटी घड्याळ १ कोटी ४१ लाख ९० हजार स्विस फ्रँकला गेलं, म्हणजे आपल्या रुपयांत दीडशे कोटींच्या वर. त्यावर वाचकांची पत्रंही आली. एकांनी हा पैशाचा माज म्हटला, दुसऱ्यांनी एवढ्या रकमेत किती शाळांची छपरं दुरुस्त होतील त्याचा हिशोब मांडला. त्यांच्याशी माझा वाद नाही. माझं म्हणणं वेगळंच आहे.

कोल्हापुरात महाद्वार रोडला आमचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, जिन्याखालचा कोनाडाच. सासऱ्यांनी चालवला, आता मी चालवते. बाई घड्याळ उघडते म्हणून पूर्वी लोक जरा थांबून बघायचे, आता कुणाला त्याचं काही वाटत नाही. तर ती चौकट आल्यापासून आमच्याकडे एक नवीच वर्दळ सुरू झाली. माळ्यावरच्या ट्रंकेतली, देवघराच्या ड्रॉवरमधली, वर्षानुवर्षं चावी न दिलेली घड्याळं लोक रुमालात बांधून आणायला लागले. कुणाच्या आजोबांनी मुंबईला गिरणीत असताना घेतलेलं, कुणाला साखर कारखान्यातून निवृत्त होताना मिळालेलं, कुणाच्या पणजोबांनी पलटणीतून आणलेलं. फेवर-ल्युबा, वेस्ट एंडचं सोवार प्राइमा, ओमेगा, टिसॉट, रोमर आणि अर्थात एचएमटी. पहिला प्रश्न ठरलेला, हे कितीला जाईल. त्याबद्दल माझी तक्रार नाही, माणूस विचारणारच. दुसरं वाक्य ऐकलं की मात्र माझ्या हातातला चिमटा तिथंच थांबतो. ‘विकायच्या आधी जरा नवं करून द्या, ताई. डायल काळपट झालीय ती पांढरी करा, आणि केसला बफ मारा, चकचकीत झालं पाहिजे.’

(केस म्हणजे घड्याळाचं बाहेरचं धातूचं कवच, आणि बफ मारणं म्हणजे ते घासून चमकवणं.) हे पत्र त्या दुसऱ्या वाक्यासाठी आहे.

तुमच्या चौकटीचा सूर असा होता की सोन्याचं नसूनसुद्धा या घड्याळाला एवढी किंमत आली. संपादक महाशय, ते सोन्याचं नाही म्हणूनच आली. पाटेक फिलिपने १५१८ काढलं १९४१ साली आणि १९५४पर्यंत बनवलं, एकूण २८१ नग. त्यातले जवळजवळ सगळे सोन्याचे, पिवळ्या किंवा गुलाबी. साहजिक आहे, ज्याला युद्धाच्या काळात असलं घड्याळ परवडत होतं तो स्टील कशाला मागेल? स्टीलची आजवर फक्त चार माहीत आहेत. लिलावात गेलेलं हे घड्याळ त्यातलं पहिलं, १९४३ सालचं, मागच्या झाकणाच्या आत १ आकडा ठोकलेला. सोनं वितळवून कितीही घड्याळं करता येतील, पण १९४३ साली स्टीलमध्ये केलेलं पाचवं १५१८ आता कुणी करू शकत नाही.

हेच घड्याळ याआधी एकदा लिलावात आलं होतं, जिनिव्हातच, १२ नोव्हेंबर २०१६ला. तारीख लक्षात राहायचं कारण वेगळं आहे. नोटाबंदी होऊन चारच दिवस झाले होते, आमचं गिऱ्हाईक पाचशेच्या नोटा घेऊन दारात उभं आणि मी एका पट्ट्याचे पैसेही घेऊ शकत नव्हते. तेव्हा ते १ कोटी १० लाख फ्रँकला गेलं, त्या वेळच्या भावाने पंचाहत्तर कोटींच्या आसपास. लिलावात विकलेल्या मनगटी घड्याळाची तोवरची सर्वांत मोठी किंमत होती ती. मुलाने मोबाइलवर दाखवलं आणि म्हणाला, आई, तू चुकीच्या गावात दुकान टाकलंस.

१५१८ मी पाहिलेलं नाही, पाहायला मिळेल असंही नाही. पण त्याचं मशीन ज्या घराण्यातलं आहे, ते वाल्जू २३ माझ्या टेबलावर येऊन गेलंय. स्वित्झर्लंडमधल्या झू खोऱ्यातल्या कारखान्याचं हे स्टॉपवॉचचं मशीन त्या काळी अनेक कंपन्या विकत घेऊन आपापल्या केसमध्ये बसवत, त्यात साध्या कंपन्याही होत्या. पाटेकनेही कच्चं मशीन तिथूनच घेतलं. मग मात्र त्याच्यावर जे काम केलं ते बघण्यासारखं आहे. एकेका पट्टीच्या कडा हाताने तिरक्या घासून आरशासारख्या चमकवलेल्या, आणि त्यावर कायमस्वरूपी कॅलेंडर चढवलेलं. महिना तीसचा की एकतीसचा, फेब्रुवारी अठ्ठावीसचा की एकोणतीसचा, हे त्या घड्याळाला सांगावं लागत नाही. आत एक चाक असतं, चार वर्षांत एक फेरी घेणारं. त्याच्या काठावर अठ्ठेचाळीस महिन्यांच्या जागा, आणि महिना जितका लहान तितकी त्या जागी खाच खोल. एक दांडी त्या खाचेत उतरते, ती किती खाली गेली त्यावरून तारखेने एक घर पुढं जायचं की दोन, तीन की चार, हे ठरतं. विजेचा संबंध नाही, चिप नाही, फक्त पितळेला आणि पोलादाला घासून दिलेला आकार. चुकणार ते २१०० साली, कारण ते वर्ष लीप नाही आणि चाकाला ते ठाऊक नाही. तेव्हा कुणीतरी हाताने एक दिवस पुढं सरकवावा लागेल.

स्टॉपवॉच आणि असं कॅलेंडर एकत्र असलेलं मनगटी घड्याळ एक-एक करून नव्हे तर मालिकेने बनवणारी पहिली कंपनी पाटेकच. आणि हे सगळं ३५ मिलिमीटरच्या केसमध्ये. आज पोरं बेचाळीस-चव्वेचाळीसची थाळी मनगटावर बांधून फिरतात, त्यांना ते लेडीज वाटेल.

कारागिरीचं मला कौतुक आहे, पण किंमत तिथंच ठरली असं समजू नका. तीच कारागिरी सोन्याच्या १५१८मध्येही आहे. दुसरं उदाहरण घ्या. पॉल न्यूमन या अमेरिकन नटाचं स्वतःचं रोलेक्स डेटोना २६ ऑक्टोबर २०१७ला न्यूयॉर्कमध्ये १ कोटी ७७ लाख डॉलरला गेलं आणि जिनिव्हाचा विक्रम मोडला. त्याचं मशीन वाल्जू ७२च्या जातीचं, म्हणजे त्याच कारखान्याचं, २३चंच धाकटं भावंड. केस साधी स्टीलची. बायकोने मागच्या झाकणावर, गाडी जपून चालव, अशा अर्थाची ओळ कोरून दिलेली. आणि डायल? लहान वर्तुळांतल्या खुणांच्या टोकाला चौकोनी ठिपके असलेली, जरा भडक. ही डायल बाजारात आली तेव्हा गिऱ्हाइकांना फारशी आवडायची नाही, घड्याळं दुकानात पडून राहायची. आज त्याच डायलला त्या नटाचं नाव आहे. तेच मशीन, तीच केस, पण डायल साधी असेल तर भाव एक आणि ही असेल तर त्याच्या कितीतरी पट. म्हणजे पैसे कशाचे मोजले जातात ते बघा. एका पातळ चकतीचे, आणि ती पहिल्या दिवसापासून तिथंच होती या खात्रीचे.

पाटेकची गोष्ट तर याहून बोलकी आहे. १९३२ साली जागतिक मंदीत कंपनी अडचणीत आली तेव्हा ती विकत घेतली स्टर्न भावांनी. आणि हे स्टर्न कोण, तर पाटेकला डायली पुरवणारे! आजही कंपनी त्याच घराण्याकडे आहे. त्यांच्या जुन्या डायलवर अक्षरं छापलेली नसत. आधी धातूत कोरायची, त्या चरीत इनॅमलची पूड भरायची, भट्टीत भाजायचं, मग सपाट घासून वर चांदीचा हात द्यायचा. त्यामुळं ऐंशी वर्षांनीही अक्षर काळंभोर दिसतं आणि भिंगाखाली त्याला किंचित उंची दिसते. पण अशी डायल कुणी आडदांडपणे साफ केली की आधी बारीक रेघा जातात. कंपनीच्या नावाखाली जिनिव्हाचं नाव फ्रेंचमध्ये लिहिलेलं असतं, त्यातल्या एका अक्षरावर छोटीशी तिरकी मात्रा असते. जाणकार पहिल्यांदा ती मात्रा बघतो. ती पुसट असेल तर डायल धुतलेली आहे. तेवढ्यावर घड्याळाची किंमत खाली येते.

आता आपल्या गावाकडं येऊ.

आमच्याकडं डायल रंगवणं हा गुन्हा नव्हता, हे मला आधी स्पष्ट करायचंय, नाहीतर मुंबईच्या कारागिरांवर अन्याय होईल. स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षं परदेशी घड्याळ आयात करणं सोपं नव्हतं. एचएमटीने जपानच्या सिटिझनबरोबर बंगळूरला घड्याळं काढायला सुरुवात केली ती १९६१ साली, आणि तेही मिळायला नंबर लावावा लागायचा. हातात असलेलं एकच घड्याळ आयुष्यभर चालवायचं. इकडं पावसाळा चार महिने, घाम बारा महिने, आणि जुन्या केसमध्ये पाणी अडवण्याची सोय नाही. काच-चावीच्या फटीतून दमट हवा आत गेली की डायलवर आधी पिवळे, मग काळे डाग पडतात, लाखेचा थर सुटतो. वेळ वाचता येईना म्हटल्यावर माणूस काय करणार? मुंबईत गल्लीबोळांत हे काम करणारे होते. जुना रंग उतरवायचा, नवा फवारायचा, कोरलेल्या पत्र्यावर शाई भरून जिलेटिनच्या लुसलुशीत गोळ्याने ती उचलायची आणि डायलवर दाबायची. आमचे मामंजी तरुणपणी काळबादेवीच्या बाजूला एका दुकानात कामाला होते. ते सांगायचे, एक म्हातारा कारागीर मिनिटांच्या साठ रेघा एका दमात उमटवायचा आणि दाबताना श्वास रोखून धरायचा. गिऱ्हाइकाला माहीत असायचं की डायल रंगवलेली आहे. त्याने पैसे त्यासाठीच दिलेले असत. त्यात लबाडी नव्हती.

लबाडी आली ती नंतर, ‘विंटेज’ या नावाला भाव आल्यावर. मोडीतल्या घड्याळाचं मशीन एकाचं, केस दुसऱ्याची, काटे तिसऱ्याचे, आणि वर कंपनीने कधीच न काढलेल्या रंगाची डायल. केशरी फेवर-ल्युबा, गुलाबी एचएमटी जनता, मोरपंखी वेस्ट एंड. ऑनलाइन फोटोत छान दिसतात. पुण्या-बंगळूरची कॉम्प्युटरवाली मुलं आजोबांची आठवण म्हणून हौसेने घेतात. परदेशातल्या संग्राहकांनी अशा घड्याळांना ‘मुंबई स्पेशल’ असं नावच ठेवलंय, आणि ते कौतुकाने ठेवलेलं नाही. भारतातून जुनं घड्याळ विकायला आलं की ते आधी संशयाने बघतात. ज्याच्याकडं खरंखुरं, न छेडलेलं घड्याळ आहे, त्याचंही त्यात नुकसान होतं. सगळ्यांत वाईट हाल झाले एचएमटीचे. २०१६ साली कारखाना बंद होतोय म्हटल्यावर लोकांना एकदम माया सुटली, आणि एचएमटी पायलटच्या काळ्या डायलींची तर अक्षरशः रास पडली. माझ्याकडं आलेल्या पायलटमध्ये अस्सल थोडेच निघाले.

मागच्याच महिन्यात वारणेकडचे एक निवृत्त मास्तर आले होते, बरोबर मुलगा आणि जावई. घड्याळ ओमेगा, स्टीलचं, चावीचं, वडिलांनी घेतलेलं. डायल मूळची पांढरट असणार, आता चहाच्या रंगाची झालेली, कडेला जरा गडद. छोटा सेकंदकाटा सहाच्या वर, त्याचं वर्तुळ डायलमध्ये किंचित खाली दाबलेलं, त्याच्या गोल-गोल बारीक रेघा जशाच्या तशा. मशीन धुवून, तेल देऊन, नवी स्प्रिंग टाकून ते चालू केलं. टाइमग्राफरवर, म्हणजे घड्याळ किती पुढं-मागं पडतं ते मोजणाऱ्या यंत्रावर, लावलं तर दिवसाला काही सेकंदांचाच फरक. मुलगा म्हणाला, आता डायल पांढरीशुभ्र करून टाका, पुण्यात एक पार्टी बघायला येणार आहे. मी नाही म्हटलं. जावई जरा वैतागले, पैसे आम्ही देतोय ना, म्हणाले. मी त्यांना भिंग दिलं आणि म्हटलं, तो शब्द वाचा, अगदी खाली, सहाच्या पायाशी. त्यांनी बराच वेळ डोळा बारीक करून बघितलं. ‘स्विस मेड’ अशी केसाएवढी अक्षरं आहेत, काचेच्या कडेखाली अर्धी दडलेली. म्हटलं, एवढं बारीक अक्षर रंगवणाऱ्याला जमत नाही, बहुतेक वेळा तो ते सोडून देतो, किंवा वर सरकवून टाकतो. ते अक्षर जागेवर आहे म्हणून तुमची डायल जन्मापासूनची आहे हे कुणालाही पटेल. ते घालवायला तुम्ही मला पैसे देणार?

मास्तर इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, अण्णा शेवटी घालत होते तेव्हा ती याच रंगाची होती. झालं, विषय संपला. विकलं की ठेवलं ते मला ठाऊक नाही, आणि ती माझी चौकशीही नाही.

जुन्या घड्याळाची ओढ म्हणतात ती मला एवढीच कळते. काळाने जे केलं ते त्याच्या अंगावर दिसतं, आणि मधे कुणी हात घातलेला नाही. रंग बदललेल्या डायलला तर संग्राहक जास्त पैसे देतात. काळी डायल उन्हाने चॉकलेटी झाली असेल तर तिला ‘ट्रॉपिकल’ म्हणतात आणि भाव वाढतो. हे मला पहिल्यांदा खुळेपणाचं वाटलं होतं, अजूनही थोडं वाटतं. काही लोक डाग मोजून पैसे मोजतात तेव्हा हसू येतं. पण रंगवलेल्या डायलीपेक्षा डागाळलेली बरी, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. आजीच्या नऊवारीची जर उसवून त्या जागी प्लास्टिकची जर लावली तर लुगडं चमकेल, पण ते आजीचं राहील का?

केसचंही तेच. बफ मारला की चरे जातात, त्याबरोबर धातूही जातो. पट्टा अडकवायचे चार कोपरे असतात, नव्या घड्याळात त्यांच्या कडा बोटाला लागतील इतक्या धारदार असतात. दोनतीनदा बफ खाल्ला की ते साबणाच्या वडीसारखे गोल होतात, मागचे नंबर पुसतात, सोन्याची केस असेल तर तिच्यावरचे शिक्के जातात. सोन्याचा मुलामा असेल तर खालचं पितळ वर येतं. चरे राहू द्या. ज्याने घातलं त्याचे ते चरे आहेत.

एक गोष्ट जरा गंभीर आहे, आणि ती तुम्ही जाड टायपात छापलीत तर बरं. १९६०च्या आधीच्या बऱ्याच घड्याळांच्या काट्यांवर आणि आकड्यांवर अंधारात चमकणारा जो लेप असतो तो खऱ्या, किरणोत्सर्गी रेडियमचा असतो. आता तो चमकत नाही, कारण त्यातलं चमकणारं रसायन थकलेलं असतं. लोकांना वाटतं रेडियम संपलं. ते संपत नाही. त्याचं निम्मं व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात. असलं घड्याळ बंद काचेत असेल तर घाबरून फेकून देण्यासारखं काही नाही. पण डायल ‘नवी’ करण्यासाठी कुणी तो लेप ब्लेडने खरवडला की त्याची पूड हवेत उडते, आणि श्वासाबरोबर आत गेलेली पूड हाडांत जाऊन बसते. अमेरिकेत शंभर वर्षांपूर्वी डायली रंगवणाऱ्या मुली ब्रशला ओठांनी टोक काढायच्या, त्यांच्या जबड्यांची हाडं कुजली, ते सगळ्या जगाला माहीत आहे. आमच्याकडं हे काम उघड्या तोंडाने, जेवणाच्या डब्याशेजारी करतात. घरात हौशीने जुनं घड्याळ उघडणाऱ्या मुलांनाही हे सांगा. साठच्या दशकात रेडियमच्या जागी ट्रिटियम आलं, त्या डायलवर तळाला बहुधा इंग्रजी ‘टी’ असतो. ते रेडियमच्या मानाने खूपच सौम्य.

तर घरात जुनं घड्याळ सापडलं तर काय करायचं, असं मला विचारतात. आधी चावी देऊन बघायची घाई करू नये. आतलं तेल गोंदासारखं घट्ट झालेलं असतं, आणि तसंच चालवलं तर पोलादाच्या दांड्यांची टोकं झिजतात. चक्राच्या त्या टोकाची जाडी केसाएवढी असते आणि तासाला अठरा हजार ठोके ते सोसत असतं. आधी मागचं झाकण उघडून घ्यावं, तेही ज्याच्याकडं झाकण उघडायची चावी आहे त्याच्याकडून. स्क्रू ड्रायव्हरने खरवडून नव्हे. मशीन धुवायला, तेल द्यायला, झिजलेला भाग बदलायला हरकत नाही, घड्याळ चालण्यासाठीच असतं. मात्र बदललेला जुना भाग मागून घ्यावा, पुडीत बांधून ठेवावा. जुनी काच, जुना मुकुट (चावी द्यायचं बोंड), तुटका पट्टासुद्धा. बिल, डबी, वॉरंटीचं कार्ड सापडलं तर ते घड्याळाबरोबरच ठेवा. पाटेकसारख्या कंपन्या तर घड्याळाचा नंबर कळवला की ते कधी बनलं, कधी विकलं गेलं, याचा आपल्या वहीतला उतारा पैसे घेऊन देतात. आपल्या साध्या घड्याळांना तसली वही नाही, म्हणून घरातला कागदच त्याची वही.

आणि घेणाऱ्यांनी डायल भिंगातून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळतात का, अक्षरांच्या कडा फुटलेल्या आहेत का, सेकंदाचं खोलगट वर्तुळ रंगाने भरून सपाट झालंय का, काट्यांच्या मधल्या भोकाच्या काठावर रंग ओघळलाय का. सत्तर वर्षांची डायल कालच्यासारखी कोरी आणि काटे मात्र गंजलेले, असं दिसलं तर उठून चालायला लागावं. विकणाऱ्याने डायल रंगवलेली आहे असं आपणहून सांगितलं आणि भाव तसाच लावला, तर खुशाल घ्या. त्यात काही वाईट नाही, रोज घालायला ते घड्याळ उत्तम.

आता तुमच्याकडं एक मागणं. दीडशे कोटींची बातमी तुम्ही छापलीत, तशी ही बिनपैशाचीही छापा. तिने कुणी कोट्यधीश होणार नाही. माझ्याकडं या महिन्यात आलेल्या घड्याळांपैकी बहुतेक काही हजारांच्या वर जाणार नाहीत, आणि मी ते लोकांना तोंडावर सांगते. तरी त्यातल्या तीन-चार डायली वाचल्या तर मला हे पत्र लिहिल्याचं समाधान आहे. डायल रंगवायला नाही म्हणते म्हणून माझं काही गिऱ्हाईक शेजारच्या गल्लीत जातं, तेही कळतं मला. जाऊ दे.

कळावे,

आपली,
महाद्वार रोडवरची एक घड्याळ दुरुस्त करणारी
कोल्हापूर
(नाव-पत्ता सोबत दिला आहे. बाजारात सगळ्यांशी रोजचा संबंध आहे, तेव्हा तो छापू नये ही विनंती.)

ता. क. : चौकटीसोबत तुम्ही जो फोटो छापलात तो स्टीलच्या घड्याळाचा नव्हता. केस पिवळी दिसत होती, म्हणजे तो सोन्याच्या १५१८चा असणार. दुरुस्ती छापावी.